बॉडीवर भाळू नका, लेन्स बघा!

दिवाळीचा बोनस झाला, अप्रेझल बरं गेलं किंवा निदान क्रेडिट कार्डाचं लिमिट वाढल्याचा मेसेज आला, की मित्रमंडळींच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येऊन पडतो- ‘पहिला कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?’ मग दोन दिवस नुसती धमाल! एक जण म्हणतो, सोनीशिवाय दुसरं बघूच नकोस. दुसरा म्हणतो, कॅननचे रंग बघ आणि मग बोल. तिसरा म्हणतो, फोन आहे ना हातात, कशाला पैसे जाळतोस? आणि विचारणारा बिचारा शेवटी सेलमध्ये ज्याच्यावर सगळ्यात जास्त सूट दिसेल, तो कॅमेरा उचलतो. पहिल्या महिन्यात रोज फोटो. दुसऱ्या महिन्यात फक्त रविवारी. सहाव्या महिन्यात कॅमेरा कपाटात आणि ईएमआय मात्र वेळच्या वेळी!

गडबड त्या प्रश्नातच आहे. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेताना आपण एक वस्तू घेतोय असं वाटतं, पण खरं तर आपण एका घराण्याशी सोयरीक जुळवत असतो. आज घेतलेली बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटायला लागते. चांगली लेन्स मात्र नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं आरामात चालते, आणि ती ज्या घराण्याची असेल त्याच घराण्यात चालते. म्हणून ‘कुठला कॅमेरा?’ हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, ‘मी फोटो कशाचे काढणार? त्यासाठी लेन्स कुठली लागणार? आणि ती माझ्या बजेटमध्ये कुठल्या घराण्यात मिळते?’

उदाहरणासाठी लांब लडाखला जायला नको. सेंट्रल लाइनवर कल्याणच्या पुढे निघू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. उल्हासनगरहून बदलापूर रेल्वेने जेमतेम दहा किलोमीटर, पण कॅमेऱ्याकडून या तिन्ही गावांच्या मागण्या अगदी वेगळ्या. आणि इथे राहणाऱ्यांचं गणितही वेगळं. सीएसएमटीपासून बदलापूर साधारण ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे तीन तास गाडीत. म्हणजे फोटोसाठी उरतो तो एक रविवार. तोही अर्धा, कारण उरलेल्या अर्ध्यात कपडे, किराणा आणि झोप! अशा माणसाने चुकीचा कॅमेरा घेतला तर पैसे जातातच, पण ते थोडेसे रविवारही जातात.

आरसा गेला, राहिलं काय?

आधी मिररलेस म्हणजे काय ते दोन मिनिटांत. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे एक आरसा असायचा. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवायचा आणि बटण दाबलं की खटकन वर उचलला जायचा. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच तुम्हाला स्क्रीनवर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. २००८ मध्ये पॅनासॉनिकने ‘जी १’ आणला आणि या प्रकाराची खरी सुरुवात झाली.

नवशिक्याला याचा मोठा फायदा होतो. फोटो उजळ येणार की काळा, ते बटण दाबण्याआधीच दिसतं. आकार लहान, वजन कमी. सुरुवातीच्या रेंजमधली बॉडी आणि किट लेन्स मिळून साधारण अर्धा ते पाऊण किलो. ऑफिसच्या सॅकमध्ये डब्याशेजारी मावेल इतकं. तोटाही आहे. स्क्रीन सतत चालू राहत असल्याने बॅटरी लवकर संपते. दुसरी बॅटरी घ्यावीच लागते.

आणि फोनचं काय? प्रामाणिक उत्तर असं, की जेवणाच्या ताटाचे, सेल्फीचे आणि स्टोरीचेच फोटो काढायचे असतील तर फोन पुरे. कॅमेरा लागतो तो लांबचं जवळ आणायला, कमी उजेडात हलणारी माणसं टिपायला, फ्लॅश वापरायला आणि मोठी प्रिंट काढायला. यातलं एकही तुमचं नसेल तर हा लेख इथेच सोडा आणि त्या पैशांची एसआयपी करा. नो हार्ड फीलिंग्ज!

सोयरीक कुणाशी?

बॉडी आणि लेन्स जिथे जोडली जाते त्या गोल कड्याला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीचा माउंट वेगळा. सोनीचा ई, कॅननचा आरएफ, निकॉनचा झेड, फुजीफिल्मचा एक्स. आणि पॅनासॉनिक व ऑलिम्पस (आताचं नाव ओएम सिस्टिम) यांचा मिळून मायक्रो फोर थर्ड्स. सुरुवात करणाऱ्याने मुख्यतः ही पाच घराणी बघायची.

आता घराणी बुडतातही बरं का! सॅमसंगने २०१० मध्ये एनएक्स नावाचे मिररलेस आणले. कॅमेरे चांगले होते, पण २०१५ नंतर नवीन काही आलंच नाही. निकॉनने २०११ मध्ये ‘निकॉन १’ आणला आणि २०१८ मध्ये गुंडाळला. सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट कॅननची. २०१२ मध्ये कॅननने ईएफ-एम माउंट आणला. त्यातला एम ५० तर व्हिडिओ करणाऱ्या पोरापोरींचा लाडका होता. पण २०२२ मध्ये कॅननने आर ७ आणि आर १० हे लहान सेन्सरचे कॅमेरे आरएफ माउंटमध्ये आणले आणि ईएफ-एमचा रस्ता तिथेच संपला.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? दोन्ही कॅननच! जुन्या लेन्स नव्या बॉडीला लावू. नाही लागत. ईएफ-एममध्ये लेन्सचं कडं आणि सेन्सर यांच्यातलं अंतर १८ मिलिमीटर असतं, आरएफमध्ये २०. मध्ये अॅडाप्टर घालायला जागाच उरत नाही. उलट कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्सना हे अंतर ४४ मिलिमीटर लागतं, त्यामुळे त्या अॅडाप्टरने आरएफवर मजेत बसतात. म्हणजे थोरल्या काकांना नव्या घरात जागा आहे, मधल्या भावाला नाही! म्हणून जुन्या बाजारात एम ५० स्वस्तात दिसला तर एवढं समजून घ्या- कॅमेरा अजूनही छान फोटो काढेल, पण त्याच्यासाठी घेतलेली प्रत्येक लेन्स त्याच्याबरोबरच थांबेल. तेवढ्यावर समाधान असेल तर खुशाल घ्या.

अंबरनाथ : काळा दगड, उंचावरची नक्षी

आता गावांकडे वळू. अंबरनाथचं शिवमंदिर तुम्हाला माहीत असतंच. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा काळ आहे. जवळपास हजार वर्षांचं देऊळ, वालधुनीच्या काठी. भूमिज शैलीत भिंतींना असंख्य कोन असतात. त्यामुळे एकाच वेळी अर्धी नक्षी उन्हात आणि अर्धी सावलीत.

इथे लागतं काय? अख्खं मंदिर फ्रेममध्ये घ्यायला किट लेन्सची १६ किंवा १८ मिलिमीटरची बाजू बऱ्यापैकी पुरते. पण वरच्या थरातली एखादी मूर्ती नुसत्या किट लेन्सने टिपलीत तर फोटोत तुम्हालाच ती शोधावी लागेल. इथे टेलिफोटो झूम लागते. निकॉनची ५०-२५०, कॅननची ५५-२१०, सोनीची ५५-२१०, फुजीची ५०-२३०... प्रत्येक घराण्यात अशी एक साधी, हलकी लेन्स आहे. ती कमी उजेडात फार काही करणार नाही, पण दगड कुठे पळून जात नाही! लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर हात किंचित हलला तरी चालतं. मात्र लेन्सच्या नावात ती सोय लिहिलेली आहे ना, ते बघायचं. निकॉन तिला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सोनी ओएसएस, फुजी ओआयएस. कॅननचा आर ५०, निकॉनचा झेड ५० टू, सोनीचा झेडव्ही-ई १०, फुजीचा एक्स-एम ५ यांपैकी कुणाच्याही बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. म्हणून लेन्समध्ये हवंच.

दोन फुकटच्या टिप्स. एक, काळा दगड दिसला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो फोटो गरजेपेक्षा उजळ करतो. काळ्याचं राखाडी होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवा, दगड पुन्हा दगडासारखा दिसेल. दोन, मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे दर्शनी भागावरचं तिरकं ऊन संध्याकाळी मिळतं. रविवारची दुपारची झोप काढून निघालात तरी चालेल. गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे. तिथे फोटो काढण्याआधी विचारा, आणि फ्लॅश तर नकोच. आणखी एक- अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी दिसली की कॅमेरा गुपचूप बॅगेत!

उल्हासनगर : ट्यूबलाइटमधली दुनिया

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जागा दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नवं नगर वसलं. गावातले भाग अजूनही कॅम्प नंबरांनीच ओळखले जातात. बरॅकींच्या जागी इमारती उठल्या, कपड्याचा, फर्निचरचा, जीन्सचा धंदा वाढला. या गावाचा मूड टिपायचा तर संध्याकाळी सातनंतर. दुकानांचे दिवे, अरुंद गल्ल्या, कापडाचे गठ्ठे, माणसंच माणसं.

इथे किट लेन्स हात टेकते. कॅनन किंवा निकॉनची किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं तोंड एफ/६.३ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, त्याच्या साधारण बारापट प्रकाश आत घेते. बारापट! किट लेन्सवर जिथे आयएसओ ६४०० लावून फोटो दाणेदार येतो, तिथे प्राइमवर ५०० च्या आसपास भागतं. याला म्हणतात फरक. बॉडी बदलून हा फरक मिळत नाही, लेन्स बदलून मिळतो.

पण प्राइम कुठली? फिल्मच्या जमान्यापासून सगळे सल्ला देतात, ‘फिफ्टी घे.’ तेव्हा तो बरोबर होता. आता सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी हा लहान सेन्सर असतो, त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ सारखी वागते. कॅननवर तर ८० सारखी. एखाद्याचा चेहरा टिपायला ती झकास, पण बाजारातल्या गल्लीत दुकानदाराला फ्रेममध्ये घ्यायचं तर मागे मागे सरकत समोरच्या दुकानात शिरावं लागेल! गल्लीसाठी २४ ते ३५ मिलिमीटर बघा. सिग्माची ३० मिलिमीटर एफ/१.४, निकॉनची २४ मिलिमीटर एफ/१.७, फुजीची ३५ मिलिमीटर एफ/२ ही नावं लिहून ठेवा.

आणि इथे हौसेपलीकडचाही एक मुद्दा आहे. ऑनलाइन विकायचं म्हणजे प्रत्येक जीन्सचा, प्रत्येक कुर्त्याचा नीट फोटो लागतो. शनिवार-रविवारी असं काम करून ईएमआयचा भार हलका करायचा विचार असेल तर फ्लॅश आणि शटर तपासा. सोनीच्या झेडव्ही-ई १० टूमध्ये मेकॅनिकल शटरच नाही. व्हिडिओवाल्यांना त्याने काही बिघडत नाही, पण नुसत्या इलेक्ट्रॉनिक शटरवर काही एलईडी दिव्यांच्या उजेडात फोटोवर पट्टे येऊ शकतात. कपड्याचा रंग दाखवायचा आणि त्यावर पट्टे? गिऱ्हाईक परत यायचं नाही.

बदलापूर : पाऊस, धबधबे आणि बुरशी

बदलापूर म्हणजे पावसाळा. कोंडेश्वर, बारवी धरणाचा परिसर, लांबून खुणावणारा चंदेरीचा सुळका. आणि जिथे काल शेत होतं तिथे आज उभा राहिलेला टॉवर. खरं सांगायचं तर बदलापूरकरांनी डोंगरांइतकेच फोटो आपल्या गल्लीचे काढायला हवेत. पाच वर्षांनी ती ओळखू येईलच याची खात्री नाही.

इथला प्रश्न पाण्याचा. सुरुवातीच्या रेंजमधल्या बहुतेक बॉडी भर पावसात वापरण्यासाठी नसतात. ओएम सिस्टिमच्या ओएम-५ ला आयपी ५३ दर्जाचं संरक्षण आहे, पण तो एक पायरी वरचा कॅमेरा, आणि लेन्सही तशाच सील केलेल्या हव्यात. बाकीच्यांनी छत्री, प्लास्टिकचं कव्हर आणि एक कोरडा नॅपकिन यावर भागवायचं. भिजलेल्या हातांनी लेन्स बदलायची नाही, हा नियम पाळा.

खरा शत्रू मात्र घरात बसलेला असतो. बुरशी! आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत कपाटात, तेही चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. एकदा खोल गेली की काचेवरचं कोटिंगच खाते. यावर उपाय लाखाचा नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पाकिटं आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेल दमट झालं की वाळवायचं, पुन्हा ठेवायचं. थोडे पैसे जास्त असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणं.

आणि एक गंभीर गोष्ट. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. इथलं पाणी किती वेगाने वाढतं ते त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं. धबधब्यावर बंदीचा आदेश असेल तर घरी बसा. टेलिफोटो लेन्स असते कशाला? लांबून फोटो काढायला!

पाच घराणी, थोडक्यात

सोनी ई : सगळ्यात भरलेलं घर. २०११ मध्येच सोनीने माउंटची माहिती बाहेरच्या लेन्स कंपन्यांसाठी खुली केली, त्यामुळे सिग्मा, टॅमरॉनसकट भरपूर पर्याय, आणि सेकंड हँडही भरपूर. झेडव्ही-ई १० ला व्ह्यूफाइंडर नाही, दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही. फोटोच जास्त काढणार असाल तर ए ६४०० बघा.

कॅनन आरएफ : हाताळायला सगळ्यात सोपं. आर ५० नवशिक्यासाठी मस्त. आर १०० त्याहून खालचा, पण त्याची स्क्रीन फिरत नाही आणि टचही नाही. बाहेरच्या ऑटोफोकस लेन्सना या घराचं दार बराच काळ बंदच होतं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला एपीएस-सी लेन्ससाठी परवानगी मिळाली आणि पर्याय वाढले. घरात बाबांच्या किंवा ताईच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स असतील तर इथे सोयरीक फायद्याची.

निकॉन झेड : १६-५० आणि ५०-२५० ही दोन लेन्सची जोडी सुरुवातीला जवळपास सगळं कव्हर करते. झेड ५० टूची पकड छान. जुन्या निकॉन लेन्स एफटीझेड अॅडाप्टरने लागतात, पण ज्यांत स्वतःची मोटर नसते त्या जुन्या ‘डी’ लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. काकांची जुनी फिफ्टी त्यातलीच नाही ना, ते बघा.

फुजीफिल्म एक्स : कॅमेऱ्यातूनच सुंदर रंग. एडिटिंगचा कंटाळा असलेल्यांसाठी वरदान. एक्स माउंटमध्ये फुल फ्रेम नाहीच, त्यामुळे लेन्स याच सेन्सरच्या मापाने बनवलेल्या. मात्र एक्स-एम ५ ला व्ह्यूफाइंडर नाही.

मायक्रो फोर थर्ड्स : सगळ्यात छोट्या लेन्स. लोकलच्या गर्दीतही अंगावर ओझं नाही. सेन्सर लहान, त्यामुळे कमी उजेडात थोडं मागे. पण २०२१ मध्ये ऑलिम्पसचा कॅमेरा धंदा दुसऱ्या कंपनीकडे जाऊनही माउंट टिकला, कारण तो दोघांचा होता.

पैशांचं गणित

समजा, तुम्ही ८० हजार बाजूला काढलेत. आकडा फक्त वाटणी समजण्यापुरता. बहुतेक जण ८० ची बॉडी घेतात आणि पुढची दोन वर्षं किट लेन्सवर काढतात. त्याऐवजी ५५ पर्यंतची बॉडी आणि किट, १८ पर्यंतची दुसरी लेन्स आणि उरलेल्या सातात कार्ड, जास्तीची बॅटरी, डबा आणि सिलिका जेल. दुसरी लेन्स नवीनच हवी असं नाही. दुसरी लेन्स लगेचही घेऊ नका. तीन महिने किट लेन्सने फोटो काढा आणि मग बघा, तुमचे फोटो अडले कुठे? लांबचं दिसलं नाही की अंधारात हललं? उत्तर तिथेच आहे.

‘नो कॉस्ट ईएमआय’ दिसला तर रोख किंमत विचारा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज कुठेतरी किमतीत किंवा फीमध्ये दडलेलं असतं. दोन्ही आकडे कागदावर मांडा आणि मग कार्ड काढा.

दुकानात जाताना

फोर्टातल्या बोरा बाजारात जा नाहीतर जवळच्या शोरूममध्ये, पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी या दोन गोष्टी सोडू नका. बिल नको तर पाच हजार कमी, असं कुणी म्हणालं तर तो पाच हजारांना तुमची वॉरंटी विकत घेतोय. सेकंड हँड लेन्स घेताना फोनचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा, बुरशी असेल तर लगेच दिसते. आणि बॅटरी ओरिजिनल. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक उल्हासनगरवाले स्वतःच हसत हसत सांगतात, पण फुगलेल्या डुप्लिकेट बॅटरीने कॅमेऱ्याची वाट लागली तर हसू येत नाही. ती कुठल्याही गावची असो!

शक्य असेल तर विकत घेण्याआधी तोच कॅमेरा, तीच लेन्स एका रविवारसाठी भाड्याने घ्या. सकाळी चंदेरीचा सुळका, चार वाजता अंबरनाथचं मंदिर, सात वाजता उल्हासनगरचा बाजार. तिन्ही ठिकाणचे फोटो रात्री मोठ्या स्क्रीनवर बघा. जिथे तुमचे फोटो सगळ्यात जास्त आवडले, तिथली लेन्स तुमची. त्या लेन्सचं घराणं तुमचं. आणि मग त्या घराण्यातली, बजेटमध्ये बसणारी बॉडी.

कापून ठेवा

- आधी विषय, मग लेन्स, मग माउंट, शेवटी बॉडी.
- घरात आणि मित्रांकडे कुठल्या लेन्स आहेत ते विचारा. उसनी मिळणारी लेन्स सगळ्यात स्वस्त.
- बॉडीत स्टॅबिलायझेशन नसेल तर लेन्समध्ये हवं.
- बंद पडलेला माउंट स्वस्तात मिळाला तरी ‘पुढे काय?’ हे आधी विचारा.
- पावसाळ्यात कॅमेरा डब्यात, सिलिका जेलसोबत.
- पक्कं बिल. नो कॉम्प्रमाइज!

ग्रुपवर पुन्हा तो प्रश्न आला की आता ‘सोनी की कॅनन’ला सुरुवात करू नका. फक्त एवढंच विचारा, ‘रविवारी जाणार कुठे आहेस?’ हॅपी क्लिकिंग!